सोंडेवरून खाली

सह्याद्रीतल्या गडाचं एक बरं असतं, तो आधी तोंड दाखवतो. एसटीच्या खिडकीतून एखाद्या वळणावर डोकावतो, झाडीत लपतो, आणि पायथ्याच्या गावात चहा घेताना बघावं तर थेट डोक्यावर उभा असतो. चढायला लागेपर्यंत त्याची-आपली बऱ्यापैकी ओळख झालेली असते. ऍरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनला, त्या अजस्र दरीला, ही रीत ठाऊक नाही. फ्लॅगस्टाफ सोडलं की दीड तास आपण पठारावरून गाडी हाकत राहतो. कडेला पाइनची झाडं, मधूनच ओसाड माळ, समोर क्षितिजावर काही म्हणजे काही नाही. गाडी लावायची, शे-दोनशे पावलं चालायचं, आणि मग जमीन संपते.

मामाला यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं. साठी उलटलेला हा माणूस कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत भटकतोय. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेला, सांदण दरीचं नाव चार लोकांना माहीत नव्हतं तेव्हा साम्रदच्या लोकांना विचारत विचारत तिच्यात उतरलेला. आमच्याकडे, फिनिक्सच्या उपनगरात, राहायला आल्यावर त्याचं पहिल्याच आठवड्यात ठरलं, की हे गाव माणसांसाठी नाही. "इथे फिरायला जायचं तर आधी गाडीत बसावं लागतं," असं तो पुण्याला फोन करकरून सांगायचा. तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, फिनिक्सची काहिली जरा कमी होतेय असं म्हणता यायला लागलं तेव्हा, त्याला उचलून उत्तरेकडे न्यायचं मी ठरवलं. नवऱ्याच्या ऑफिसची ड्यूटी होती, तो घरी राहिला. आम्ही दोघंच निघालो.

हा रस्ता मला फार आवडतो, कारण तो अर्ध्या दिवसात आख्खं हवामान बदलून दाखवतो. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटरवर आहे, फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर, आणि मधलं अंतर साधारण २३० किलोमीटर. सुरुवातीला आय-१७ महामार्गाच्या दोन्ही अंगांना सवारो निवडुंग असतात. दोन-तीन पुरुष उंचीचे, हात वर केलेले. या निवडुंगाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात, हे ऐकल्यावर मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. "म्हणजे माझ्या वयाला एक हात. तोही नशिबात असला तर," म्हणाला. पुढे सनसेट पॉइंटकडे मोठी चढण लागते आणि सवारो एकाएकी दिसेनासे होतात. सलग गोठवणारी थंडी त्यांना सोसत नाही, त्यामुळे एका ठरावीक उंचीच्या वर ते जातच नाहीत. त्यांच्या जागी गवताळ माळ येतो, मग खुरटी ज्युनिपर, आणि शेवटी उंच पाँडेरोसा पाइन.

सरळ आय-१७ ने गेलं असतं तर फ्लॅगस्टाफ लवकर आलं असतं, पण आम्ही १७९ वर वळून सेडोनामार्गे ८९-ए घेतला. लाल कडे बघायला तिथे जगभरातून माणसं येतात आणि सगळी एकाच दिवशी येतात असं वाटतं. स्फटिक आणि 'ऊर्जाकेंद्रं' यांची तिथे जी जत्रा भरते, तिच्याबद्दल मी न बोललेलंच बरं. पण गाड्यांच्या रांगेत अडकल्याचा एक फायदा झाला. कडे निवांत बघता आले. खाली तांबडा दगड, आणि वर फिकट पिवळसर, जवळजवळ पांढरा कडा. तो वरचा थर कोकोनिनो सँडस्टोनचा, म्हणजे वालुकाश्माचा. "हा नीट बघून ठेव," मी मामाला म्हटलं. "उद्या ह्याच्यातूनच खाली उतरायचंय."

"उतरायचंय?" मामा म्हणाला. "चढायचं कधी?"

ओक क्रीक कॅन्यनमध्ये रस्ता ओढ्याच्या कडेने जातो. मेपलची पानं नुकती रंगायला लागली होती, कॉटनवुड अजून हिरवेच होते. शेवटी रस्ता वळणांवर वळणं घेत एकदम वर चढतो आणि तुम्ही पठाराच्या कडेवर येता. खंडाळ्याचा घाट चढून आलेल्याला हे नवं नाही. खालचा मुलूख आणि वरचा मुलूख यांच्यात एक पायरी आहे आणि ती पायरी घाटाने चढायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. वर थांबलो तिथे मामाने पाँडेरोसाच्या सालीला नाक लावलं. लावायलाच हवं. जुन्या झाडाच्या साली तांबूस, ठोकळ्याठोकळ्यांनी भेगाळलेल्या असतात. ऊन लागलेल्या भेगेत नाक घातलं की व्हॅनिलाचा वास येतो, अगदी बेकरीतला. शेजारचं एक अमेरिकन जोडपं आमच्याकडे बघत होतं. मामाने त्यांना हाताने बोलावलं, आणि मग चौघं जण झाडाला नाक लावून उभे.

फ्लॅगस्टाफमध्ये त्याला घरचा दगड भेटला. मोटेलमागच्या मोकळ्या जागेत काळा, भोकाभोकाचा धोंडा पडला होता. त्याने तो उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "हा बेसॉल्ट आहे. आपला." खरंच होतं. फ्लॅगस्टाफच्या आसपास सहाशेच्या घरात लहानमोठे ज्वालामुखी आहेत. सन १०८५ च्या सुमारास तिथे सनसेट क्रेटरचा उद्रेक झाला, म्हणजे आपल्याकडे शिलाहार, यादव आपापली देवळं बांधत होते त्या काळात. गावाच्या डोक्यावर उभी असलेली सॅन फ्रान्सिस्को शिखरंही ज्वालामुखीचीच. त्यांतलं हम्फ्रीज ३८५१ मीटरचं, ऍरिझोनातलं सर्वांत उंच. नावाहो, होपी आणि आसपासच्या इतर मूळ रहिवाशांसाठी ही शिखरं पवित्र आहेत. रात्री आम्ही मोटेलच्या अंगणात उभं राहून आकाश बघितलं. या गावाने रस्त्यावरचे दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. 'आंतरराष्ट्रीय डार्क स्काय सिटी' असा मान जगात पहिल्यांदा २००१ साली याच गावाला मिळाला. प्लूटो १९३० मध्ये सापडला तो इथल्याच लॉवेल वेधशाळेत. मामाला प्लूटोशी कर्तव्य नव्हतं. त्याला थंडी वाजत होती, आणि उद्या किती चढ आहे ते हवं होतं.

पहाटे अंधारात निघालो. १८० नंबरच्या रस्त्यावर एल्क, म्हणजे इथलं थोराड हरीण, कधी आडवं येईल सांगता येत नाही, म्हणून हळूच. व्हॅली नावाच्या वस्तीपाशी ६४ ला लागलो, टुसायान मागे पडलं, पार्कचं गेट आलं. मामा अधूनमधून मान उंचावून समोर बघायचा आणि परत मागे टेकायचा. डोंगर कुठाय हे विचारायचा त्याला संकोच वाटत असावा. व्हिजिटर सेंटरला गाडी लावली आणि मॅथर पॉइंटच्या कठड्याशी गेलो.

पहिल्या दर्शनाबद्दल मी फार लिहिणार नाही. ते आधीच खूप जणांनी लिहून ठेवलंय आणि फोटोंनी त्याची पार वाट लावलीय. मामा मात्र काय म्हणाला ते सांगते. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "घाटमाथा आहे हा." आणि तेच खरं आहे. देशावरून सपाटीने चालत यावं आणि पाय कोकणकड्यावर टेकावेत, तशीच ही रचना. फरक इतकाच की पलीकडे कोकण नाही, पंधरा-वीस किलोमीटरवर पुन्हा तेवढाच उंच घाटमाथा आहे. साऊथ कैबॅब वाट जिथून सुटते ती जागा २२१३ मीटरवर आहे, आणि तळाला कोलोरॅडो नदी साडेसातशे मीटरच्याही खाली. म्हणजे हरिश्चंद्रगड समुद्रसपाटीपासून जेवढा उंच, साधारण तेवढी ही दरी खोल. लांबी ४४६ किलोमीटर. या आकड्यांनी डोळ्यांना काहीच मदत होत नाही, पायांना होते.

उतरायला दोन मुख्य वाटा, आणि मामाने नकाशा बघून त्यांची नावं स्वतःच ठेवली. ब्राइट एंजेल ही नाळेची वाट. ती एका प्रस्तरभंगाच्या खाचेतून उतरते, त्यामुळे तिच्यावर सावली आहे, झरा आहे, पाणी आहे. साऊथ कैबॅब ही सोंडेची वाट. ती धारेवरून उतरते, दोन्ही बाजूंना दरी, नजर जाईल तिथवर मोकळं, आणि पाण्याचा थेंब नाही. ज्याने आपल्याकडच्या नाळा आणि सोंडा पायाखाली घातल्यात त्याला या दोघींचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. आम्ही सोंड निवडली, मजल सीडर रिजपर्यंत. जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आत, उतार ३४० मीटरच्या आसपास. कागदावर सिंहगडाहून हलकंच.

सोंडेच्या तोंडाशी खासगी गाडी नेऊ देत नाहीत, शटल बसने जावं लागतं. बसमध्ये सगळे गप्प, टोप्यांच्या खाली अर्धवट झोपलेले. वाट सुटते तीच चिमणीसारख्या अरुंद घळीतून, एकाखाली एक दातेरी वळणं घेत. वाट रुंद, नीट बांधलेली. मामाने दोनच वळणं उतरल्यावर विचारलं, "एवढी राजेशाही वाट कुणी बांधली?"

याची गोष्ट मला आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राइट एंजेलची वाट राल्फ कॅमरन नावाच्या माणसाने खाणींच्या दाव्यांखाली अडवून ठेवली होती, आणि उतरणाऱ्याकडून तो डोईमागे एक डॉलर टोल घ्यायचा. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तरी त्याने हात सोडला नाही. १९२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या विरोधात निकाल गेला. तो डगमगला नाही, उलट ऍरिझोनाचा सिनेटर होऊन वॉशिंग्टनला बसला. शेवटी उद्यानवाल्यांनी त्याचा नाद सोडला आणि १९२४-२५ मध्ये स्वतःची दुसरी वाट खोदली. तीच ही.

"म्हणजे टोल चुकवायला बायपास काढला," मामा म्हणाला. त्याचा या वाटेवर जीव जडला तो तिथेच.

आणखी एक गोष्ट आहे, ती इतकी गंमतशीर नाही. १९२८ मध्ये खाली नदीवर झुलता पूल बांधला, तेव्हा त्याचे मुख्य पोलादी दोर, प्रत्येकी टनभर वजनाचे, माणसांनी खांद्यावरून उतरवले. रांगेत एकामागे एक, सापासारखे वळणं घेत. ती माणसं बहुतेक हवासुपाई, या दरीतले मूळ रहिवासी. त्याच काळात ब्राइट एंजेलवरच्या झऱ्याकाठच्या मळ्यांमधून या लोकांना उठवलं गेलं. त्या जागेला हवासुपाई गार्डन्स हे नाव २०२२ मध्ये मिळालं.

वाट थर बदलत खाली जाते. वरचा पांढुरका कैबॅब चुनखडक २७ कोटी वर्षांचा. त्याच्याखाली कोकोनिनो, सेडोनात बघितलेला. तो वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला आहे, आणि जवळ गेलं की वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या तिरक्या रेघा अजून दिसतात. मामा त्या रेघांवरून बोट फिरवत बसला. मी त्याला म्हटलं, आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा. तू आता ज्या दगडाला हात लावलायस तो त्याच्या चौपट जुना, आणि आपण अजून माळ्यावरच आहोत. तळाचा विष्णू शिस्ट नावाचा खडक १७० कोटींच्या पलीकडचा. विष्णू आणि त्याच्यावरचा थर यांच्यामध्ये काही ठिकाणी शंभर कोटींहून जास्त वर्षांचा दगडच नाही. तो होता, झिजून गेला, आणि मग वर नवा समुद्र आला.

"पण दरी?"

दरी मात्र अलीकडची. नदीने ही घळ कोरली ती बहुतांशी गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत. दगड म्हातारा आणि दरी पोरसवदा, असा हा मामला आहे. मामाला त्याहून जास्त रस होता आकारात. कठीण थराचा कडा, मऊ थराचा उतार, परत कडा, परत उतार. "हा पदर," तो खाली दूरवर पसरलेल्या टोंटो पठाराकडे बोट दाखवून म्हणाला. आपल्याकडे लाव्ह्याच्या थरांनी हेच केलंय, म्हणून तर निम्मा डोंगर चढल्यावर पदर लागतो, त्यावर रान असतं, धनगराचा वाडा असतो. दगडाची जात वेगळी, घडण वेगळी, पण झिजण्याची रीत तीच.

ऊ-आह पॉइंट नावाची जागा येते तिथे सगळी सोंड एकदम उघडी पडते. नाव पोरकट आहे पण लोक खरोखर तसलेच आवाज काढतात. समोर नदीपलीकडे झोरोआस्टर टेंपल, त्याच्यामागे ब्रह्मा टेंपल. पूर्वेकडे विष्णू, पश्चिमेकडे शिव. क्लॅरन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात या एकेकट्या उभ्या डोंगरांना पूर्वेच्या देवांची नावं द्यायचा पायंडा पाडला, आणि मग बुद्ध, मनू, राम, कृष्ण सगळेच इथे येऊन बसले. मामाने नकाशावर एकेक वाचून दाखवलं. "एवढी देवळं, आणि एकाचाही दरवाजा सापडत नाही," म्हणाला. मला मात्र हे बारसं थोडं खटकतं. त्या डोंगरांना होपींची, हवासुपाईंची नावं आधीपासून असणारच. ती नकाशावर आली नाहीत.

सीडर रिज म्हणजे सोंडेवरचं एक सपाट, लालबुंद मातीचं खांड. दोन-चार वाकडीतिकडी ज्युनिपर, घोडी बांधायचे खांब, आणि कोरडी संडासं. पुढे ओनील ब्यूट नावाचा बुटका कडा वाटेत उभा. पलीकडे काय आहे ते तो दिसू देत नाही. मामाने सॅक उतरवली, भडंगाची पिशवी काढली. वर लावलेल्या पाट्यांवर नुसतं पाणी पिऊ नका, खारट काहीतरी खात राहा असं लिहिलेलं असतं. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, माणूस नुसतं पाणी ढोसत राहतो आणि अंगातलं मीठ उतरून आडवा होतो. कोल्हापुरी भडंग हा त्यावर उत्तम इलाज आहे असं माझं मत झालं. खारीचंही तेच मत असावं. इथल्या रॉक स्क्विरल जाडजूड, मांजराच्या पिल्लाएवढ्या, आणि कमालीच्या निर्लज्ज. एक येऊन सरळ मामाच्या बुटावर उभी राहिली. तिने पुढचे दोन्ही पंजे त्याच्या नडगीवर टेकवले आणि पिशवीकडे बघत राहिली. यांना खायला घालायला बंदी आहे, आणि त्या चावतात. मामाने तिला शुद्ध मराठीत दम भरला. ती हलली नाही. शेवटी तोच उठून उभा राहिला आणि उभ्याउभ्या खाऊ लागला.

या सगळ्यात एक गोष्ट नव्हती, नदी. सीडर रिजवरून नदी दिसत नाही. ती पहिल्यांदा दिसते स्केलेटन पॉइंटवरून, आणखी अडीच किलोमीटर पुढे, आणखी पावणेतीनशे मीटर खाली. मला जायचं होतं. हवा छान, पाणी भरपूर, वाट समोर. इतकं जवळ येऊन नदी न बघता परत फिरायचं म्हणजे काय? मला वाटलं मामा तर माझ्याही आधी उठेल.

तो घड्याळ बघत होता. "उतरायला आपल्याला तासाच्या आतबाहेर लागलं. वर जायला दोन धर. खाली गेलो तर ते चार होतात. बारा वाजता या धारेवर सावली कुठाय दाखव."

"नदी दिसेल पण."

"अगं, नदी खाली आहे," तो म्हणाला. "आणि आपलं घर वर आहे."

मग त्याने जे सांगितलं ते मी त्या वाटेवर चालताना पुढे कितीतरी वेळ घोळवत होते. गडावर माणूस शेवटच्या टप्प्याला हट्टाने चढतो, कारण माथा असतो. माथ्यावर पोचलं की काम संपतं, पुढे सगळं उतरणं. म्हणून दमलेला माणूसही ओढत नेतो स्वतःला, आणि बहुतेक वेळा ते खपून जातं. इथे माथाच नाही. तुम्ही माथ्यावरूनच निघालात. खाली जाईल तितकं ते चांगलंच होत जाणार, दर वळणावर पुढचं काहीतरी बोलावणार, आणि थांबायला कुठलीही खूण नाही. जिथून फिराल ती जागा तुम्हीच ठरवायची. "माथा असता तर मी गेलो असतो," तो म्हणाला. "इथे जायचंय कुठे?"

मला तेव्हा १५४० मधले स्पॅनिश आठवले. कोरोनाडो नावाच्या स्पॅनिश सरदाराच्या मोहिमेतून गार्सिया लोपेझ दे कार्देनास थोडी माणसं घेऊन इथे आला, होपी वाटाड्यांनी त्याला काठावर आणून उभं केलं. वरून नदी इतकी बारकी दिसली की ती सहा फुटांची असेल असं त्यांना वाटलं. तीन दिवस ते काठाने वाट शोधत होते. मग तीन चपळ माणसं खाली उतरली आणि दुपारी परत आली, तिसरा हिस्सा उतरून. वरून पुरुषभर वाटणारे धोंडे सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्यापेक्षा उंच निघाले, असं त्यांनी सांगितलं. पाणी नव्हतं, म्हणून सगळी टोळी मागे फिरली. होपींना खाली जायच्या वाटा माहीत होत्या. मिठासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेत. त्यांनी त्या पाहुण्यांना दाखवल्या नाहीत, यात मला तरी नवल वाटत नाही. मामाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो फक्त म्हणाला, "बघ. ते शहाणे होते. तिसऱ्या हिश्श्यावर फिरले."

चढ लागला आणि वाटेचा चेहरा बदलला. सकाळी ज्या वळणांवर आम्ही गप्पा मारत उतरलो, तीच आता एकेक मोजावी लागत होती. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. काठापेक्षा तळ दहाएक अंशांनी जास्त तापतो, आणि ती धग सोंडेवरून पाठीमागून वर येते. मामाची चाल मात्र बघण्यासारखी होती. लहान पावलं, एकसारखी, तोंड बंद, वळणावर थांबायचं नाही, वळण संपल्यावर क्षणभर उभं राहायचं. तिशीतली मुलं आम्हाला ओलांडून धावत वर जायची आणि पुढच्या वळणावर गुडघ्यांवर हात टेकून उभी दिसायची. आम्ही त्यांना ओलांडायचो. हे तीन-चार वेळा झाल्यावर त्यांतल्या एकाने मामाला सलाम ठोकला.

मध्येच खालून घंटेचा आवाज आला. फँटम रँचहून वर येणारी खेचरं. नदीकाठच्या त्या मुक्कामाच्या जागी सगळा शिधा खेचरांवरून जातो, आणि परत येताना ती कचरा आणि टपाल आणतात. तिथून टाकलेल्या पत्रावर खेचराने आणल्याचा शिक्का असतो. मामाला अर्थातच लगेच पुण्याला पत्र टाकायचं होतं, पण त्यासाठी तळाला जावं लागलं असतं. आम्ही डोंगराच्या अंगाला दबून उभे राहिलो. खेचरं इतकी जवळून गेली की त्यांच्या पोटावरच्या पट्ट्याखालचा वाळलेला घाम पांढरा दिसत होता. त्यांची पावलं बरोबर वाटेच्या बाहेरच्या कडेवर पडत होती.

वर पोचलो. मामाने काठी कठड्याला टेकवली आणि पुण्याच्या ट्रेकच्या ग्रुपवर फोटो टाकला. कोणीतरी लगेच विचारलं, माथा केला का? त्याने टाइप केलं, "उलटा."

परत जाताना आलेल्या रस्त्याने न जाता आम्ही पूर्वेला, डेझर्ट व्ह्यूकडे निघालो. काठाकाठाने जाणारा हा रस्ता चाळीस किलोमीटरचा आहे, आणि त्याच्या टोकाला १९३२ मध्ये बांधलेला दगडी मनोरा आहे. मेरी कोल्टर नावाच्या बाईने तो इथल्या प्राचीन पुएब्लो लोकांच्या मनोऱ्यांवरून बेतला, आणि आत होपी चित्रकार फ्रेड कबोटी यांची भित्तिचित्रं आहेत. कोल्टरने दगड मुद्दाम ओबडधोबड निवडले, त्यामुळे लांबून बांधकाम कुठे सुरू होतं आणि कडा कुठे संपतो ते कळत नाही. आपल्याकडच्या व्ह्यू पॉइंटांवर लोखंडी गज आणि निळे पत्रे ठोकणाऱ्यांना तिथे एकदा नेऊन उभं करायला हवं.

मनोऱ्याच्या अलीकडेच कठड्याशी एक आजोबा चाकाच्या खुर्चीत बसून आइस्क्रीम खात होते. मामा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने खाली बघितलं.

खाली नदी होती. सगळी. लांबच लांब वळण घेतलेली, हिरवी. वरच्या अंगाला १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरण झालं, तेव्हापासून गाळ तिथेच अडतो. त्याआधी हीच नदी लाल चिखल वाहत यायची.

"इथून दिसते?" मामा म्हणाला. "गाडी लावली की?"

"हो."

तो माझ्याकडे बघत राहिला. आजोबांनी आइस्क्रीमची कांडी कचऱ्यात टाकली.

तिथून रस्ता पठार सोडून खाली उतरतो. लिटल कोलोरॅडो या उपनदीची काळीकभिन्न भेग डावीकडे सोबत करते, मधूनमधून नावाहो लोकांचे दागिन्यांचे ठेले लागतात. कॅमरनला पोचलो तेव्हा फोनवरचं घड्याळ एक तासाने पुढे गेलं. ऍरिझोना राज्य उन्हाळी वेळ पाळत नाही, पण नावाहो नेशन, म्हणजे नावाहो लोकांचा स्वायत्त मुलूख, पाळतं, त्यामुळे हद्द ओलांडली की वेळ बदलते. मामाचं मनगटी घड्याळ मात्र फिनिक्सच्याच वेळेवर राहिलं, आणि भूक त्याहून जुन्या वेळेवर.

तिथल्या ट्रेडिंग पोस्टवर, ते १९१६ पासून आहे, आम्ही नावाहो टाको मागवला. ताटभर फुगलेली तळलेली रोटी, वर घेवडा, चीज, टोमॅटो, मिरची. मामाने एक तुकडा मोडला आणि भटुरा आहे म्हणून जाहीर केलं. चव खरंच तीच, पण मागची गोष्ट वेगळी. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नावाहो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोत बोस्के रेदोन्दोला नेऊन कोंडलं. त्यांचं धान्य, मेंढ्या, पीचच्या बागा सैन्याने नष्ट केल्या. शिध्यात मिळायचा तो सरकारी मैदा आणि चरबी, त्यातून ही रोटी निघाली असं सांगतात. मामा ऐकत होता, पण त्याचं लक्ष मेनूकार्डावरच्या गावाच्या नावाकडे होतं.

"हे कॅमरन म्हणजे..."

"तोच," मी म्हटलं. "सिनेटर. त्याच्याच नावावरून आहे."

"एक डॉलरवाला?"

"एक डॉलरवाला."

बिल आलं. मामाने चष्मा लावला आणि ते वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ, बोट ठेवून वाचलं. काय बघतोयस, मी विचारलं.

"टोल लावलाय का बघतो," तो म्हणाला.